भूतबंगल्यातील कोडी आणि पाहुण्याचे हात
‘द सेव्हन्थ गेस्ट व्हीआर’ या खेळाच्या गुणदोषविचाराची प्रस्तावना

संगणकीय खेळांमध्ये भूतबंगला हे स्थळ फार पूर्वीपासून वापरात आहे, आणि त्याचे कारण केवळ भीतीच्या आकर्षणात शोधून भागत नाही. बंद दारे, मोजक्या खोल्या, मागे राहिलेल्या वस्तू आणि कोणीतरी दडवलेला इतिहास हे सारे त्या स्थळाला आपसूक लाभलेले असते, त्यामुळे कोडी घालू पाहणाऱ्या रचनाकाराला त्याहून सोयीची वास्तू मिळणे अवघड. या परंपरेतील अलीकडचे एक ठळक उदाहरण म्हणजे नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील व्हर्टिगो गेम्स या कंपनीने १९ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध केलेला ‘द सेव्हन्थ गेस्ट व्हीआर’ हा खेळ. १९९३ साली गाजलेल्या एका खेळाची ही आभासी वास्तवातील नवी आवृत्ती आहे. आभासी वास्तव म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधून दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळ्या प्रतिमा दाखवून, आणि डोक्याच्या प्रत्येक हालचालीसरशी त्या बदलत ठेवून, रचलेल्या अवकाशात आपण प्रत्यक्ष उभे आहोत अशी जाणीव निर्माण करणारे तंत्र. हातांतील कंट्रोलरमुळे त्या अवकाशात खेळाडूचे हातही दिसू लागतात आणि त्यांनी वस्तू उचलता, फिरवता, ओढता येतात.

प्रस्तुत प्रस्तावनेचा हेतू या खेळाची शिफारस करणे किंवा त्याला नाकारणे हा नाही. भूतबंगल्यातील कोडी हा प्रकार आभासी वास्तवात आला म्हणजे नेमके काय साधते आणि काय निसटते, याचा विचार एका ठोस उदाहरणाच्या आधारे करणे, हा तिचा हेतू आहे. या विवेचनाचे प्रमेय असे की, या खेळाचे गुण आणि त्याचे दोष एकाच मुळातून फुटलेले आहेत: खेळाडूच्या शरीराला बंगल्यात जिथे जिथे काम मिळते तिथे तिथे रचना भक्कम उभी राहते, आणि जिथे त्याला केवळ प्रेक्षक म्हणून ताटकळत ठेवले जाते तिथे ती ढिली पडते.

माणसाला युक्तीने भूत दाखवण्याची विद्या संगणकाहून बरीच जुनी आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एतिएन-गास्पार रोबेर्तसाँ याने ‘फँटास्मागोरी’ या नावाने दीपचित्रांचे खेळ केले, आणि पुढे एका ओस पडलेल्या कॅपुचिन मठात त्यांना कायमचे ठिकाण मिळवून दिले. पडद्यामागे चाकांवर बसवलेला जादूचा कंदील, म्हणजे काचेवरील चित्राची प्रकाशाने मोठी प्रतिमा पाडणारे यंत्र, मागेपुढे सरकवला की पडद्यावरील आकृती लहानमोठी होई, आणि अंधारात बसलेल्या लोकांना भूत आपल्या अंगावर धावून येत असल्याचा भास होई. महाराष्ट्रात १९ व्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दीपचित्रांचेच खेळ लोकप्रिय केले. मात्र त्यांचा भर पुराणकथांवर होता आणि त्यांतील नवल भक्तिभावाला जवळचे होते. दरम्यान १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेवर पडणाऱ्या प्रतिबिंबाच्या साहाय्याने रंगमंचावर पारदर्शक भूत अवतरवले, आणि तीच युक्ती १९६९ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये उघडलेल्या ‘हाँटेड मॅन्शन’च्या नृत्यदालनात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. प्रेक्षक कुठे बसणार किंवा कोणत्या वाटेने जाणार हे आधीच ठरलेले असते, आणि भुताचा सारा भास त्या ठरलेल्या जागेवरच अवलंबून असतो. प्रेक्षक उठून काचेच्या मागे गेला की भूत संपले. आभासी वास्तवाने नेमकी हीच अट काढून टाकली, आणि पुढे येणाऱ्या बऱ्याच अडचणींचा उगम त्या स्वातंत्र्यात आहे.

मूळ ‘द सेव्हन्थ गेस्ट’ हा अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील ट्रायलोबाइट या कंपनीचा खेळ होता. रॉब लँडेरॉस आणि ग्रेम डिव्हाइन हे त्याचे रचनाकार होते, कथालेखन मॅथ्यू कॉस्टेलो यांचे होते, आणि केवळ सीडी-रॉमवर मिळणाऱ्या आरंभीच्या खेळांपैकी तो एक असल्यामुळे अनेक घरांत सीडी चालवणारे यंत्र घेण्याचे तो एक निमित्त ठरला. त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. हेन्री स्टॉफ नावाचा एक भटका गुन्हेगार स्वप्नात दिसलेली बाहुली कोरतो, तिच्या जोरावर नावाजलेला खेळणीकार होतो, त्याच्या बाहुल्या जवळ बाळगणारी मुले गूढ आजाराने मरू लागतात, आणि तो टेकडीवरील आपल्या बंगल्यात सहा पाहुण्यांना बोलावतो. सातवा पाहुणा कोण, हे खोल्याखोल्यांतील कोडी सोडवत खेळाडूने शोधायचे, अशी त्याची मांडणी होती. बंगल्याची सर्व दृश्ये संगणकावर आधीच तयार करून ठेवलेली होती, त्यामुळे खेळाडू दारातून दाराकडे ‘चालत’ असे तेव्हा प्रत्यक्षात ठरलेल्या चित्रफितींचे तुकडे एकामागून एक उलगडत असत. नटांचे चित्रण निळ्या पडद्यासमोर केले होते, म्हणजे मागचा निळा रंग नंतर काढून टाकून त्या जागी बंगल्याचे दृश्य बसवायचे होते. परंतु नटांच्या कडांभोवतीची रंगाची किनार पुरती पुसली जाईना, तेव्हा तीच किनार भुतांची प्रभा म्हणून ठेवण्यात आली. तंत्राची उणीव भुताच्या अंगी अलंकार म्हणून चढवण्याची ही क्लृप्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तीस वर्षांनी नव्या आवृत्तीला तिचीच पुन्हा गरज भासली.

मूळ खेळातील कोडी बहुतांशी १९ व्या शतकातील मनोरंजक गणिताच्या भांडारातून घेतलेली होती. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे ठेवण्याचा, १८४८ साली माक्स बेत्सेल यांनी मांडलेला प्रश्न त्यांत होता. तीस तुकड्यांच्या केकचे असे सहा वाटे करायचे होते की प्रत्येक वाट्यात दोन कवट्या, दोन थडगी आणि एक कोरा तुकडा यावा. आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली पेशींचा पट मांडून संगणकाशी खेळावा लागणारा डाव तर त्याच्या अवघडपणामुळे कुप्रसिद्ध झाला. ही कोडी चांगली असली तरी त्यांचा बंगल्याशी असलेला संबंध वरवरचा होता. आठ वजिरांचे कोडे कोणत्याही मासिकाच्या पानावर छापले असते तरी त्यात काही उणे आले नसते. अडलेल्या खेळाडूसाठी ग्रंथालयात एक पुस्तक ठेवलेले होते, ज्याचा सल्ला वारंवार घेतला की शेवटी कोडे आपोआप सुटे, आणि अशा सुटकेची किंमत म्हणून त्या कोड्यामागील दृश्य बहुधा गमवावे लागे.

नव्या आवृत्तीचा पहिला मोठा गुण या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतो. तिने कथा आणि पाहुणे कायम ठेवले, पण कोडी जवळजवळ नव्याने रचली, आणि रचताना ती पटावरून उचलून खोलीत आणली. फिरवायच्या चकत्या, जुळवायचे यांत्रिक भाग, उघडावयाचे कप्पे, वेगवेगळ्या कोनांतून पाहिल्याशिवाय अर्थ न देणाऱ्या वस्तू असे त्यांचे स्वरूप आहे, आणि बहुतेक खोल्यांतील कोडी तेथे उतरलेल्या पाहुण्याच्या स्वभावाशी किंवा व्यवसायाशी नाते सांगतात. यामुळे विचार करण्याची क्रिया हातांत उतरते: खेळाडू वस्तू उलटीसुलटी करतो, वाकून खालची बाजू पाहतो, दोन वस्तू शेजारी धरून ताडून बघतो, आणि या हालचालींतूनच उकल सुचते. सपाट पडद्यावर हेच कोडे माऊसच्या टिचक्यांत विरघळले असते.

दुसरा गुण कंदिलाचा. खेळाडूच्या हाती एक असा कंदील दिला आहे की त्याचा प्रकाश जिथे पडतो तिथे जीर्ण बंगला पूर्वीच्या रूपात दिसतो: फाटलेला भिंतकागद अखंड होतो, मोडके सामान सांधले जाते, तसबिरीतील चेहरा बदलतो, आणि प्रकाश हटताच सारे पुन्हा पडझडीत परतते. या एका साधनाने तीन कामे साधली आहेत. दडलेल्या खुणा शोधण्याचे ते उपकरण आहे, म्हणून कोड्याला उपयोगी पडते. बंगल्याचा भूतकाळ ते निवेदनावाचून दाखवते, म्हणून कथेला उपयोगी पडते. आणि प्रकाशवर्तुळाबाहेर काय असेल ही शंका ते सतत जागी ठेवते, म्हणून भयालाही उपयोगी पडते. रोबेर्तसाँच्या प्रयोगात कंदील पडद्यामागे, दाखवणाऱ्याच्या हाती होता. येथे तो पाहणाऱ्याच्या हाती आला आहे, आणि आभासी वास्तवाने या जुन्या परंपरेत घातलेली खरी भर हीच म्हणता येईल.

हातांना मिळालेल्या या कामाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. आभासी वस्तूला वजन नसते. लोखंडी किल्ली आणि कागदाचा कपटा हातात सारखेच हलके लागतात, टेबलावर टेकवलेला हात टेबलात बुडतो, आणि कंट्रोलरच्या थरथरण्यावरून स्पर्शाची कल्पना करून घ्यावी लागते. दुसरी अडचण डोळ्यांची आहे. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील भिंगही जवळच्या अंतराशी जुळवून घेते. हेडसेटमध्ये मात्र डोळे वळतात तरी भिंगाला हेडसेटने एकदाच ठरवून दिलेल्या लांबच्या अंतरावरच स्थिरावावे लागते, आणि या विसंगतीमुळे हातभर अंतरावरील वस्तू बराच वेळ न्याहाळली की डोळे शिणतात. कोड्यांच्या खेळात तर वस्तू डोळ्यांजवळ धरून न्याहाळणे हाच मुख्य उद्योग असतो, म्हणून साहसी किंवा नेमबाजीच्या खेळांपेक्षा या प्रकाराला ही मर्यादा अधिक जाणवते.

खेळाचा सर्वांत महत्त्वाकांक्षी आणि सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे त्यातील भुते. येथील पात्रे संगणकावर रेखाटलेली नसून प्रत्यक्ष नटांची व्हॉल्युमेट्रिक चित्रणे आहेत. अशा चित्रणात नटाभोवती चहूबाजूंनी लावलेले अनेक कॅमेरे एकाच वेळी चित्रीकरण करतात आणि त्यांतून प्रत्येक क्षणाची त्रिमितीय आकृती तयार केली जाते, जेणेकरून पाहणाऱ्याला नटाभोवती फिरून त्याला कोणत्याही बाजूने पाहता यावे. नाटक चालू असताना प्रेक्षकाने रंगमंचावर चढून पात्रांमध्ये उभे राहावे, तसा हा अनुभव असतो, आणि पाहुण्यांच्या आपसांतील कारस्थानांना त्यामुळे एक जवळीक येते जी मूळ खेळात कधीच शक्य नव्हती. परंतु या तंत्रात माहितीचा साठा प्रचंड लागतो आणि हेडसेटच्या क्षमतेत तो बसवताना तपशील कमी करावा लागतो. त्यामुळे जवळ गेल्यावर चेहऱ्यांची ठेवण धूसर होते, बोटे आणि केस यांच्या कडा तुटक दिसतात. मूळ खेळाप्रमाणेच येथेही हा दोष भुतांच्या पारदर्शक, चमचमत्या रूपाखाली झाकण्यात आला आहे. फरक एवढाच की १९९३ मध्ये खेळाडू भुताजवळ जाऊ शकत नव्हता, आणि आता तो जाऊ शकतो.

धूसरपणाहून मोठा प्रश्न वेगळा आहे. चित्रण एकदा झाले की नटाचे बोलणे, वळणे आणि नजर कायमची ठरून जाते, म्हणून ही भुते खेळाडूची दखल घेऊ शकत नाहीत. तो त्यांच्यासमोर उभा राहो, त्यांच्यामधून चालत जावो किंवा त्यांच्या चेहऱ्यावर कंदील रोखो, संवाद ठरल्याप्रमाणे पुढे सरकतो. स्टॉफचा आवाज खेळाडूला अधूनमधून डिवचतो खरा, पण पाहुण्यांच्या प्रसंगांत खेळाडूला कोणतेही स्थान नाही. कोडी सोडवताना सदेह वावरलेला माणूस दृश्य सुरू होताच अदृश्य होतो, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्या हातांनी घराची यंत्रणा चालवली त्या हातांना आता काही करण्याजोगे उरत नाही. अभिनयाची असमान पातळी किंवा प्रसंगांचा विस्कळीत क्रम यांबद्दलच्या तक्रारी योग्य असल्या तरी त्या दुय्यम आहेत. शरीर बेकार पडल्यावर नजर दोष शोधू लागते, हे त्यांमागील कारण आहे.

येथे भय आणि कोडे यांच्या परस्परसंबंधाचा विचार अटळ होतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की काम सोपे असेल तर तीव्र उत्तेजना शिकण्याला मदत करते, पण काम अवघड असेल तर तीच उत्तेजना मारक ठरते. हा निष्कर्ष माणसांना आणि खेळांना जसाच्या तसा लावता येत नसला, तरी त्यातून या प्रकारातील मूलभूत पेच ध्यानात येतो: भीतीला पाठीमागे कोण आहे याकडे लक्ष हवे असते, कोड्याला हातातील वस्तूकडे, भीतीला घाई मानवते, कोड्याला निवांतपणा. आभासी वास्तवात शरीरच धोक्यात असल्याचा भास होत असल्यामुळे हा पेच अधिक तीव्र होतो. कॅपकॉमने जानेवारी २०१७ मध्ये प्लेस्टेशनच्या हेडसेटवरही खेळता येईल असा ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ आणला, त्यात घरमालक पाठलाग करतो, म्हणून कोडी मुद्दाम सोपी आणि तुरळक ठेवावी लागली. उलट फायरप्रूफ गेम्सच्या २०२० मधील ‘द रूम व्हीआर : ए डार्क मॅटर’ या खेळात वातावरण गूढ असले तरी खेळाडूला खरी इजा संभवत नाही, आणि म्हणूनच त्यातील यंत्ररचना कमालीची गुंतागुंतीची होऊ शकली. ‘द सेव्हन्थ गेस्ट व्हीआर’ने दुसऱ्या बाजूचा कौल घेतला आहे. बंगला झपाटलेला आहे, पण घातक नाही. क्वचित दचकायला होते, अंगावर काटा येण्याचे प्रसंग थोडे, आणि ज्यांना भीतीच हवी आहे त्यांची निराशा ठरलेली. हा कौल चुकीचा म्हणता येणार नाही, मात्र तो घेतल्यावर भयाची जागा भरून काढण्याची जबाबदारी कथेवर येते, आणि कथा वर सांगितलेल्या कारणाने ती पुरती पेलू शकत नाही.

माध्यमाच्या काही बाजू वरकरणी तांत्रिक वाटल्या तरी गुणदोषविचारात त्यांना स्थान आहे. डोळ्यांना चालल्याचा भास आणि कानातील तोलाच्या इंद्रियाला स्थिरतेची जाणीव, यांच्या विरोधातून मळमळ उद्भवते. हा त्रास टाळण्यासाठी आभासी वास्तवातील खेळ सलग चालण्याऐवजी निवडलेल्या जागी एकदम पोहोचण्याची सोय ठेवतात. खोलीखोलीने जाणाऱ्या आणि घाईची सक्ती न करणाऱ्या भूतबंगल्याला ही सोय सहज मानवते, हा या प्रकाराचा एक न सांगितला जाणारा लाभ आहे. अंधाराच्या बाबतीत मात्र यंत्रायंत्रांत भेद पडतो. २०२३ च्या प्लेस्टेशन व्हीआर २ मधील ओएलईडी पडद्यावर काळा बिंदू खरोखर विझतो, तर २०२० च्या क्वेस्ट २ मधील एलसीडी पडद्यामागे दिवा जळतच असल्यामुळे काळोख करडा दिसतो. ज्या खेळाचे मुख्य साधनच कंदील आहे, त्याचा परिणाम हेडसेटनुसार बदलणे अपरिहार्य आहे. यासाठी एका यंत्रावरील अनुभवाने दिलेला निवाडा दुसऱ्या यंत्राला लावताना सावध राहणे इष्ट.

अडकल्यावर काय करायचे, हा प्रश्न कोड्यांच्या खेळात नेहमीच निर्णायक असतो. १९९३ चा खेळाडू शेजारी वही ठेवू शकत होता, घरच्या माणसाला विचारू शकत होता; हेडसेट चढवलेल्या माणसाला कागदपेन्सिल दिसत नाही, आणि सल्ल्यासाठी हेडसेट उतरवला की बंगल्याचा भास तुटतो. नव्या आवृत्तीने सूचना मिळवण्याची सोय खेळाच्या आतच दिली, आणि तिच्यासाठी बंगल्यात शोधलेली नाणी खर्चावी लागतील अशी व्यवस्था केली. यामुळे मदत मागणे हाही बंगल्यातील एक व्यवहार ठरतो आणि कोपरे धुंडाळण्याला कारण मिळते. मात्र काही तासांत संपणारा हा खेळ एकदा उकलला की पुन्हा खेळण्याचे प्रयोजन फारसे उरत नाही, कारण सुटलेले कोडे दुसऱ्यांदा सोडवता येत नाही आणि कथेला दुसरी वाट नाही. हा दोष साऱ्या कोडेप्रधान खेळांचा आहे. पण हेडसेटची किंमत आणि तो वापरण्याची खटपट ध्यानात घेता येथे तो अधिक बोचतो.

या सर्वांचा मेळ घातला असता गुण आणि दोष यांच्या दोन स्वतंत्र याद्या करण्यापेक्षा एकच कसोटी लावणे उपयुक्त ठरते: या क्षणी बंगल्याला खेळाडूची गरज आहे काय? कोड्यांच्या आणि कंदिलाच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे, आणि तेथे हा खेळ आपल्या पूर्वसुरीच्या पुष्कळ पुढे गेला आहे. पाहुण्यांच्या प्रसंगांत उत्तर नकारार्थी आहे, आणि तेथे तो अत्याधुनिक साधने वापरूनही १९९३ च्याच ठिकाणी उभा आहे, किंबहुना मधले अंतर नाहीसे झाल्यामुळे किंचित मागे. अधिक चांगले कॅमेरे आणि अधिक शक्तिमान हेडसेट आल्यावर चेहरे रेखीव होतील, यात शंका नाही. परंतु समोर उभ्या असलेल्या माणसाकडे न पाहणारे भूत कितीही रेखीव झाले तरी ते चित्रच राहील. म्हणून या प्रकारात पुढे काम करू पाहणाऱ्या रचनाकारांनी कोड्यांची चिंता कमी आणि भुतांची अधिक करावी, आणि वाचकाने या खेळाचे मूल्यमापन करताना भुते किती खरी दिसतात यापेक्षा ती खेळाडूला ओळखतात की नाही हे आधी पाहावे, एवढीच या प्रस्तावनेची सूचना आहे.